वळलेला सोप्रानो, काळी ५

मार्चमध्ये जुन्या वळलेल्या सोप्रानो सॅक्सोफोनची पेटी उघडली तेव्हा आत काळवंडलेली चांदी होती, सुकून दगड झालेले पॅड (भोकं बंद करणाऱ्या झाकणांतल्या गाद्या) होते आणि वाद्यावर कोरलेल्या नंबराजवळ 'लो पिच' असा बारीक ठसा होता. तो ठसा पाहिला आणि मगच पैसे दिले. जुना सोप्रानो शोधणाऱ्यांनी हा ठसा सोडून दुसरं काहीही आधी बघू नये. त्या काळी अमेरिकेत 'हाय पिच'ची वाद्यंही बनायची. त्यांचा ए हा सूर ४४० हर्ट्झऐवजी ४५७ च्या आसपास, म्हणजे शेजारच्या पट्टीत जायला जेवढं अंतर लागतं त्याच्या दोन तृतीयांश वर. माउथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा भाग, बाहेर ओढून ते भागत नाही. भोकांमधली अंतरंच आखूड असतात, त्यामुळे वरचे सूर खूप उतरतात आणि खालचे जेमतेम हलतात.

माझा बुशर कंपनीचा 'ट्रू टोन' आहे, १९२० च्या दशकातला, इंडियानातल्या एल्कहार्टचा. मी शिकागोत राहतो, ते गाव इथून गाडीनं दोन तासांवर आहे. कॉन या दुसऱ्या वाद्य कंपनीचा कारखानाही तिथलाच, आणि कंपनी काढणारे बुशर स्वतः आधी कॉनकडेच कामाला होते. त्या दशकात सॅक्सोफोनचं वेड एवढं होतं की हे छोटे वळलेले सोप्रानो घराघरांत गेले. पुढे मागणी ओसरली. १९६० मध्ये जॅझवादक जॉन कोल्ट्रेननं सोप्रानो हातात घेतला तो सरळ नळीचा, आणि सोप्रानो म्हटलं की तीच आकृती लोकांच्या डोळ्यांपुढे येऊ लागली. वळलेले माळ्यावर पडून राहिले.

एप्रिल आणि मे पॅडमध्ये गेले. बुशरचे पॅड लाखेनं चिकटवायचे नसतात. झाकणाच्या मधोमध एक खुंटी असते, पॅडला मधे भोक असतं आणि वरून धातूचं छोटं बटण दाबलं की टक् करून बसतं. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती मला अजून थक्क करते. पण आधीच्या कुणा दुरुस्तीवाल्यानं तीन झाकणांतल्या खुंट्या कापून तिथे साधे पॅड चिकटवले होते. ते बघून फार वाईट वाटलं. त्या तीन ठिकाणी लाखच वापरावी लागली. गळती शोधायला बारीक एलईडीची लवचीक पट्टी आत सरकवली. वळणामुळे सरळ दांडीचा दिवा आत जातच नाही. अंधाऱ्या खोलीत जी-शार्पच्या झाकणाखाली प्रकाशाची रेघ दिसली आणि खालचे सूर का अडखळतात ते कळलं.

खरी गोष्ट माउथपीसची. सॅक्सोफोन म्हणजे टोक कापलेला शंकू, आणि त्या कापलेल्या टोकाची जागा माउथपीसच्या आतल्या पोकळीनं भरून काढायची असते. या वाद्याची घडण मोठ्या, गोल पोकळीसाठी आहे. मी जूनभर आजकालचा अरुंद माउथपीस लावून झगडलो. वरचं सप्तक इतकं चढायचं की तानपुऱ्यासमोर बसवेना. मोठ्या पोकळीचा जुना माउथपीस मिळाला आणि पहिल्याच दिवशी दोन्ही सप्तकं एकमेकांना भेटली. नुसता माउथपीस फुंकून पांढरी १ लागते का ते बघा. त्याहून वर जात असाल तर ओठ जास्त आवळताय.

सरळ सोप्रानोचा कर्णा जमिनीकडे बघतो. याचा वर वळून तोंडासमोर येतो, त्यामुळे सूर आधी आपल्याच कानावर पडतो. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत मावेल एवढं हे वाद्य, पण वाजवताना आपण त्याच्या आत बसल्यासारखं वाटतं. वळणामुळे आवाज गोड होतो असं बरेच जण म्हणतात. माझ्या मते गोडवा बराचसा पोकळीचा आहे. वळणानं मिळते ती जवळीक. आणि जवळ ऐकू आलं की चूक लपत नाही.

माझा सा वाद्याच्या सीवर. या वाद्यावर सी वाजवला की प्रत्यक्षात काळी ५ ऐकू येते. रोज सकाळी वीस मिनिटं नुसते लांब सूर. ऑगस्टपासून भैरव घेतोय, कारण कोमल रिषभ सी-शार्पवर येतो, आणि मधल्या सप्तकात तो सगळी बोटं उचललेला मोकळा सूर आहे. पाश्चात्त्य वाजवणारे त्याला पातळ, अस्थिर म्हणून नावं ठेवतात. मला तो हवाच होता. ओठ जरा सैल केला की तो षड्जाकडे झुकतो आणि अलगद परत येतो. ते आंदोलन पहिल्यांदा जमलं त्या सकाळी मी पुढे काहीच वाजवलं नाही.

या आठवड्यात खालचा बी-फ्लॅट पहिल्या फुंकेत लागला. वरचा डी अजून चढाच आहे. त्याच्या भोकाच्या वरच्या काठाला बुचाची पातळ चंद्रकोर चिकटवून बघणार आहे. नाहीच उतरला तर चावी उघडते ते अंतर थोडं कमी करेन. चांदीला मात्र मऊ फडक्यापलीकडे काही लावणार नाही.