राणीच्या टोपलीतले बटवे

परवा फोनवर आईने विचारलं, "अगं, त्या तुमच्या राणीची ओटी भरायची पद्धत आहे का तिकडे?" तिने अगदी मनापासून विचारलं होतं, कारण सांगलीहून तिने पाठवलेले सतरा खण मी याच राणीसाठी कापायला घेतलेत. ओटी भरत नाहीत. मग काय करतात, हे आईला समजावायला मला दोनच शब्द लागले. म्हटलं, "वाण लुटतात."

पण ही राणी कुठली, ते आधी सांगते. पिट्सबर्गहून उत्तरेला तासाभराच्या अंतरावर स्लिपरी रॉक नावाचं गाव आहे. त्याच्या जवळ कूपर्स लेक या तळ्याकाठी दरवर्षी जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तंबूंचं एक शहर वसतं. दहा हजारांच्या आसपास माणसं दोन आठवडे मध्ययुगात राहिल्यासारखी राहतात. याला पेन्सिक वॉर म्हणतात. भरवणारी संस्था आहे सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रोनिझम, सगळ्यांच्या तोंडी एससीए. १९६६च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, एका घराच्या परसात काही हौशी मंडळी मध्ययुगीन वेशात जमली, तिथून तिची सुरुवात झाली. पेन्सिक १९७२पासून भरतं. कोविडमुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं चुकली आणि २०२३ला पन्नासावं पेन्सिक झालं.

संस्थेने जगाची आपल्यापुरती राज्यं पाडली आहेत. पिट्सबर्गचा भाग एथेलमार्क राज्यात येतो, आणि आमची राणी ती याच राज्याची. राजा निवडतात तो वेताच्या तलवारींनी खेळलेल्या स्पर्धेत. वार लागला की नाही, हे ज्याला लागला त्यानेच सांगायचं असतं, आणि लोक ते प्रामाणिकपणे सांगतात. लढाया मैदानात होतात, जंगलात होतात, पूल समजून आखलेल्या जागेवरही होतात. मी त्या कडेला उभी राहून बघते, पण माझा जीव लढाईत नाही. माझा जीव आहे तो कपड्यांत.

आत यायला एकच अट पाळावी लागते : सतराव्या शतकाच्या आधीचा वाटेल असा कपडा घालायचा. निदान तसा प्रयत्न दिसला पाहिजे. या कपड्यांना तिथे 'गार्ब' म्हणतात. आमच्या शेजारच्या निवृत्त नर्सबाई मला पहिल्यांदा घेऊन गेल्या, तेव्हा नवख्यांसाठी ठेवलेल्या पेटीतून त्यांनी मला एक निळा झगा काढून दिला. तो डोक्यातून घालताना माझा हात काखेपाशी गेला. तिथे एक चौकोनी तुकडा तिरका बसवला होता. बाजूला कमरेपासून खाली त्रिकोणी पट्ट्या. मी तिथेच थांबले. ही तर कळी! आईने सांगलीत तीस वर्षं शिवणक्लास चालवला. खाकी कागदावर कळीदार कुडत्याचं कटिंग मी दहा वर्षांची असताना काढलं आहे. इतक्या लांब येऊन, युरोपच्या चौदाव्या शतकातला म्हणून जो कपडा हातात आला, त्याची आखणी मला पाठ होती.

कारण दोन्हीकडे तेच. हातमागावर विणलेलं कापड महाग असतं, त्यातली चिंधीही वाया घालवायची नसते. म्हणून अंगाचे दोन सरळ पट्टे, बाह्यांचे दोन, आणि घेरासाठी आयत तिरका कापून निघालेल्या कळ्या. कळ्या उलटसुलट मांडल्या की उरतं ते एवढंसं. स्वीडनमध्ये वारबर्गजवळच्या दलदलीत १९३६ साली चौदाव्या शतकातल्या एका माणसाचे अवशेष सापडले, अंगावरच्या लोकरी कपड्यांसकट. बॉक्स्टेनचा माणूस म्हणून तो प्रसिद्ध आहे, आणि त्याचा अंगरखा एससीएतले निम्मे नवशिके शिवतात. ग्रीनलंडमध्ये हेर्योल्फ्सनेस इथल्या कबरस्तानात १९२१ साली याहून मोठा खजिना मिळाला. तिथे मृतांना पेटीऐवजी त्यांच्या जुन्या कपड्यांतच गुंडाळून पुरलं होतं, आणि गोठलेल्या मातीने ते कपडे जपले. आता ते कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांचे आराखडे मी पहिल्यांदा पाहिले त्या रात्री आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने चष्मा पुसून स्क्रीनवर बोट ठेवत एकेक कळी मोजली आणि म्हणाली, "शिवणारी हुशार होती. बघ, खांद्यावर ओढ येऊ दिली नाही."

सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक बाईला मिळालेली ही दाद मला फार मोलाची वाटते.

माझा पहिला झगा मात्र बिघडला. लिनन न धुता कापलं. धुतल्यावर ते इतकं आटलं की बाह्या मनगटाच्या वर चढल्या. तेव्हापासून कापड आलं की आधी गरम पाण्यात धुणं, वाळवणं, इस्त्री, मगच कात्री. लिनन म्हणजे जवसाच्या खोडातल्या धाग्याचं कापड. आपण ज्याची चटणी भाकरीबरोबर खातो तेच जवस. इथल्या दमट ऑगस्टमध्ये पायघोळ झगा अंगात असूनही जीव गुदमरत नाही, तो या कापडामुळे. आतल्या शिवणी मी मशीनवर मारते. बाहेर दिसणारं सगळं हाताने, मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने. गळ्याला आणि घेराला बारीक तुरपाई, शिवणीच्या आतल्या कडा दोन्हीकडे दुमडून धावदोऱ्याने बसवलेल्या. गुंड्यासुद्धा कापडाच्या. गोल तुकड्याच्या कडेने धावदोरा घालायचा, ओढायचा, आतच दाबत घट्ट गोळा करायचा. लंडनच्या उत्खननांत चौदाव्या शतकातल्या अशा कापडी गुंड्या सापडल्या आहेत. आमच्या आजोबांच्या सदऱ्याच्या घुंड्या अशाच होत्या.

आता राणीच्या टोपलीकडे येते. एससीएत 'लार्जेस' नावाची एक रीत आहे. राज्यातली माणसं वर्षभर हाताने वस्तू करतात आणि राजाराणीच्या टोपल्यांत टाकतात. सुयांच्या पुस्तिका, मेणबत्त्या, मण्यांच्या माळा, विणलेल्या नाड्या, साबण, छोट्या पिशव्या. राजाराणी त्या आपल्या हाताने वाटतात. परराज्यातून आलेल्या पाहुण्यांना, पहिल्यांदा दरबारात आलेल्या मुलाला, भर उन्हात लढणाऱ्यांना पाणी पाजणाऱ्या बाईला. करणाऱ्याला बहुतेक वेळा कळतही नाही आपली वस्तू कुणाकडे गेली. वस्तूवर आपला हक्क नाही, नाव असलंच तर एका चिठ्ठीवर.

हे ऐकलं तेव्हा मला संक्रांत आठवली. आपण वाण 'देतो' असं नाही म्हणत, 'लुटतो' म्हणतो. मोजून-मापून, या बाईला हे नि त्या बाईला ते, असं वाण नसतं. दारात येईल तिला. इथे परक्या मुलखात आल्यावर मी बरीच वर्षं हळदीकुंकू केलं, पण वाण दुकानातून आणलेलं असायचं, प्लास्टिकच्या डब्या नि स्टीलच्या वाट्या. हाताने केलेलं वाण लुटायची संधी मला पेनसिल्व्हेनियातल्या एका तंबूत मिळाली, याचं मला अजूनही नवल वाटतं.

काय करायचं हे ठरवायला वेळ लागला नाही. बटवा. मध्ययुगीन युरोपात कपड्याला खिसे नव्हते, कमरपट्ट्याला नाडीची थैली लटकवत. आपल्याकडे आजीच्या कनवटीला बटवा. बाहेरून लिनन आणि आत अस्तर म्हणून खण, हे मात्र माझं. प्रत्येक मराठी घरात कपाटाच्या तळाशी ओटीचे खण असतात, जे कुणी शिवत नाही. या घरातून त्या घरात फिरत राहतात. आईने ते सगळे मला दिले. टोपल्यांचं काम बघणाऱ्या बाईंना मी आधीच सांगितलं की बाहेरचा आकार तुमच्याकडचा, अस्तर माझ्या गावाकडचं. त्यांनी एक बटवा उलटा करून आतला खणाचा काठ पाहिला आणि म्हणाल्या, "हे आत का लपवलंस?" तेव्हापासून तोंडाला दोन बोटं खणाची पट्टी बाहेर काढते.

नाडीसाठी भोकं पाडताना कात्री लावत नाही. आरीने धागे बाजूला सारायचे आणि कडेने काजासारखे टाके घालायचे, म्हणजे कापड तुटत नाही. नाडी म्हणजे बोटांवर विणलेला गोफ. पाच फासे दोन हातांच्या बोटांत अडकवून एकातून एक ओढायचे. पंधराव्या शतकातल्या इंग्रजी हस्तलिखितांत या गोफांच्या कृती लिहिलेल्या आहेत. हात बसला की एका बटव्याची नाडी पंधरा मिनिटांत होते, आणि अंगावर कुणी झोपलेलं मांजर असेल तरी विणता येते.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडून मोठी चूक झाली. ऑगस्टमधलं वादळ रात्री तळावर आलं, तंबूत पाणी शिरलं आणि तयार बावीस बटव्यांची पिशवी भिजली. खणांपैकी काहींचा रंग कच्चा होता. सकाळी पाहते तर पांढऱ्या लिननवर लाल ओघळ. नऊ बटवे गेले. मी तंबूच्या दाराशी चिखलात बसून रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. एकेक बटव्यामागे चार संध्याकाळी होत्या. शेजारच्या तंबूतल्या दोन बायका न बोलावता आल्या, सुया घेऊन बसल्या, आणि चांगल्या बटव्यांची ओली अस्तरं उसवून वेगळी वाळवून पुन्हा बसवेपर्यंत उठल्या नाहीत. आता प्रत्येक खण आधी रात्रभर पाण्यात, मग ओलाच पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवते. फडक्याला रंग लागला तर तो खण या कामाचा नाही.

आईची एक अट आहे. रिकामा बटवा द्यायचा नाही. आपल्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही. मग आत काय घालायचं? मी मिरी निवडली. मध्ययुगीन युरोपात मिरीला फार किंमत होती, काही ठिकाणी जमिनीचा खंडसुद्धा मिरीत भरत. ती जायची आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरून. तळावर "तू कुठली?" असं विचारतात तेव्हा त्यांना आजचा पत्ता नको असतो, तुम्ही मनात घेतलेलं जुनं माणूस हवं असतं. मी सांगते, चौलची. पंधराव्या शतकात त्वेरचा रशियन व्यापारी अफनासी निकितीन चौलच्या बंदरात उतरला, तिथून जुन्नरला गेला आणि पावसाळाभर तिथे अडकला. इथली माणसं काय नेसतात, केस कसे बांधतात, हे त्याने लिहून ठेवलं आहे. शेकोटीभोवती हे सांगितलं की सगळे पुढे सरकून बसतात. जुन्नरला त्याचा घोडा तिथल्या खानाने जप्त केला होता, तो भाग तर दोनदा सांगावा लागतो.

तर प्रत्येक बटव्यात मिरीचे पाच दाणे, कागदाच्या पुडीत. चिठ्ठीवर इंग्रजीत एवढंच : लिनन, खण, हातशिलाई, चौलची मिरी घेऊन आलेल्या बाईकडून.

यंदा चाळीस करायचे ठरवले आहेत. एकोणतीस झाले. आईने स्वतः सहा सुयांच्या पुस्तिका शिवून त्याच पार्सलात घातल्या होत्या, शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाच्या. एकीच्या मलपृष्ठावर तिने साखळी टाक्याने छोटं तुळशीवृंदावन काढलंय. ती पुस्तिका टोपलीत टाकायला माझा हात होत नव्हता. आईला तसं सांगितलं, तर म्हणाली, "मग लुटणं कसलं ते? टाक."