दृष्टिभयाचा सराव: पावसाळ्यातल्या भिंतीपासून कामशेतच्या टेकडीपर्यंत

डोंगर सोडवत नाही, पण दृष्टिभयामुळे, म्हणजे उंचावर खोल दरी दिसली की वाटणाऱ्या भीतीमुळे, कड्यापाशी पाय लटपटतात, अशा लोकांच्या गटाचा या हंगामातला सराव कुठे सरकला आणि कुठे अडला, त्याची ही नोंद. असाच सराव करणाऱ्या किंवा करवून घेणाऱ्या मंडळींना उपयोगी पडावी.

सुरुवात करण्याआधी एक चाळणी लावावी. गादीवर कूस बदलताना किंवा मान वर केल्यावर खोली गरगरत असेल, तर ते दृष्टिभय नाही. तो अंतर्कर्णाचा त्रास असू शकतो. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं, दोराला हात नंतर.

भीतीला 0 ते 10 असा आकडा द्यायचा आणि तो मोठ्याने सांगायचा. 7 च्या पुढे गेला की वर जाणं थांबवायचं, पण लगेच खाली उतरायचं नाही. आकडा 4 पर्यंत येईस्तोवर तिथेच, दोरावर किंवा पायरीवर, थांबायचं. भीती ऐन भरात असताना माघार घेतली की मेंदू सुटकेचा संबंध खाली उतरण्याशी जोडतो, आणि पुढच्या वेळी तीच जागा जास्त भिववते. त्याच जागी सुरुवातीचाच आकडा 3 च्या आत आला की पुढचा टप्पा.

पावसाळा: गच्ची आणि भिंत

उभं असताना शरीर सतत थोडंथोडं डुलत असतं. समोर दोन-तीन मीटरवर झाड किंवा भिंत असेल तर ते डुलणं डोळ्यांना लगेच कळतं आणि पाय सावरून घेतात. कड्यावर समोरची वस्तू शेकडो मीटर लांब असते. इतक्या लांबची वस्तू आपल्या डुलण्याने हललेली दिसत नाही, म्हणून डोळ्यांकडून मिळणारी खबर तुटते, डुलणं वाढतं, आणि तोल जातोय असं जे वाटतं ते काही अंशी खरंच असतं. त्यामुळे 'खाली बघू नकोस' हा सल्ला अर्धवट आहे. नजरेच्या कडेला जवळचं काहीतरी स्थिर ठेवून मग लांब बघायला शिकणं, हा खरा सराव. गच्चीवर छातीएवढ्या कठड्यापासून हातभर मागे उभं राहून, कठड्याची कड नजरेत ठेवत 20-30 सेकंद दूर बघायचं, मग नजर कठड्यावर आणायची. पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे सैल. पावसाळ्यात एवढं घरच्या घरी होतं.

क्लाइंबिंग वॉलवर (चढाईच्या सरावाच्या भिंतीवर) टॉप रोप, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरून फिरून खाली येणारा दोर, लावून चढण्यापेक्षा दोरावर लटकण्याला जास्त वेळ दिला, आणि तो सार्थकी लागला. दोरावर भरवसा बसला नाही की माणूस हाताने भिंत आवळतो, दहा मिनिटांत दंड भरून येतात आणि पुढचा सराव वाया जातो. हात सोडून दोरावर पडायचा सराव मात्र भिंतीच्या वरच्या अर्ध्यातच करावा. डायनॅमिक दोर (झटका सोसण्यासाठी ताणणारा) 80 किलो वजनाखाली 10 टक्क्यांपर्यंत ताणू शकतो. 12 मीटरच्या भिंतीवर 3 मीटर उंचीवर हात सोडला, तर वर जाऊन परत बिलेअरपर्यंत, म्हणजे खाली उभं राहून दोर सांभाळणाऱ्यापर्यंत, येणारा दोर 21 मीटर भरतो. ताण आणि बिलेअरकडची ढील मिळून पाय जमिनीला टेकू शकतात. तसं एकदा झालं की महिन्याभराची कमाई जाते.

पोटऱ्या थरथरायला लागल्या की बऱ्याच जणांना ती भीतीच वाटते. बहुतेक वेळा कारण साधं असतं: चवड्यावर फार वेळ उभं राहणं. टाच खाली सोडली, गुडघा सरळ केला की थरथर थांबते. बोटांना मुंग्या येत असतील तर श्वास फार भराभर चाललाय. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर.

बिलेअरसाठीही एक सूचना. सुळक्याखाली मान वर करून उभं असताना माथ्यामागून ढग सरकत असले, तर सुळकाच अंगावर येतोय असं वाटतं. अशा वेळी नजर चढणाऱ्याच्या पायांवर आणावी आणि पाठ दगडाला किंवा झाडाला टेकवावी.

दिवाळीनंतर: रॅपलिंग

रॅपलिंग म्हणजे दोरावर वजन टाकून, मागे झुकत कडा उतरणं; त्यात सगळ्यात मोठा आकडा कड्याच्या ओठावर (वरच्या कडेवर) येतो, पहिल्या मीटरभरात. मधल्या उतरणीत तो आपोआप खाली येतो, म्हणून सगळी मेहनत त्या मीटरवर घालावी. अँकर (दोर जिथे बांधतात तो आधार) पायाच्या पातळीला असेल तर ओठावरून मागे झुकताना दोर आधार देत नाही, माणूस ओठावर गुडघे टेकतो आणि तिथेच अडकतो. नवख्यांसाठी अँकर कमरेच्या वर येईल अशी जागा निवडावी, कातळात ठोकलेला मागचा बोल्ट वरच्या पातळीवरचा किंवा चांगलं जाड, जिवंत झाड. ओठापासून दोन मीटर मागे सपाटीवरच पूर्ण वजन दोरावर टाकून बसायला लावावं. दोर ताठ झाला, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधलेला पट्टा) मांडीत रुतला, हे कळल्यावरच पावलं मागे सरकवावीत.

मांडणी अशी: 10.5 किंवा 11 मिमीचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर, फिगर ऑफ एट (दोर ज्यातून सरकतो ते आठच्या आकाराचं डिसेंडर, म्हणजे उतरण्याचं साधन), स्क्रू गेट कॅराबिनर (स्क्रूने बंद होणारी कडी), आणि वरून वेगळा बिलेचा, म्हणजे दुसऱ्याने सांभाळलेला, दोर. सोबत 6 मिमी कॉर्डचं प्रुसिक (वजन आलं की दोर पकडणारी गाठ) हार्नेसच्या पायाच्या पट्ट्याला, डिसेंडरच्या खाली. प्रुसिकचा लूप एवढा आखूड हवा की तो डिसेंडरपर्यंत पोचणारच नाही, पोचला तर तो पकडत नाही. मोकळे केस, ओढणी, टीशर्टचं टोक हे सगळं आत खोचलेलं हवं. फिगर ऑफ एटमध्ये कपडा अडकला की मध्येच लटकून राहावं लागतं.

घसरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पुरेसं मागे न झुकणं. भीतीने माणूस दगडाला चिकटून उभा राहतो, मग बुटाचा तळ कातळावर दाबला जात नाही आणि पाय निसटतात. पाय कमरेच्या पातळीला, पावलं पूर्ण टेकलेली, ब्रेकचा (दोर खाली धरून वेग रोखणारा) हात कमरेपाशी, वरचा हात सैल. खाली बघायचं ते दोन पायांच्या मधून नाही, ब्रेकच्या बाजूला मान वळवून. त्या बाजूने बघताना कातळाची कड नजरेत राहते.

हिवाळा: कातळकोरीव पायऱ्या

पनवेलजवळचा कलावंतीण सुळका आणि नाशिक जिल्ह्यातला हरिहर किल्ला हे दोन्ही आम्ही मुद्दाम रॅपलिंगनंतर ठेवले. दृष्टिभय असलेल्याला पहिल्याच ट्रेकला हरिहरवर नेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. चढताना तोंड कातळाकडे असतं आणि पुढची पायरी नाकासमोर, त्यामुळे माणूस सहज वर पोचतो. खरी परीक्षा उतरताना, आणि तिथे पर्याय नसतो.

हरिहरच्या पायऱ्यांना हात घालायला खोबण्या कोरलेल्या आहेत. उतरतानाही तोंड कातळाकडेच, एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा. जोडीदाराने दोन-तीन पायऱ्या खाली राहून 'डावा पाय खाली, अजून वीतभर' असं सांगत राहावं. मध्येच अंग फिरवून तोंड दरीकडे करण्याचा मोह टाळावा, तोल त्या वळण्यातच जातो. सॅक 20 लिटरच्या आत हवी. मोठी सॅक माणसाला कातळापासून बाहेर ओढते. सुट्टीच्या दिवशी त्याच अरुंद जिन्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात, म्हणून पहाटे चढून गर्दीच्या आधी खाली यावं.

कलावंतिणीच्या पायऱ्या उंच आणि उघड्या आहेत, तिथे बरेच जण बसून उतरतात. कोरड्या पायरीवर ते चालतं, पण पाठीवरची सॅक मागच्या पायरीला टेकून पुढे ढकलते. बसण्याआधी सॅक पोटावर घ्यावी किंवा जोडीदाराकडे द्यावी.

फेब्रुवारीनंतर: पॅराग्लायडिंग

लोणावळ्याजवळच्या कामशेतला टँडेम उड्डाणं, म्हणजे पायलटसोबत एकाच पॅराग्लायडरवर, घेतली, आणि इथला आकड्यांचा आलेख वेगळाच निघाला. टेकडीच्या कडेला 7-8, पाय सुटल्यावर काही सेकंदांत 2-3. उडताना पायाखाली कडा नसतो आणि तोल सावरायचं काम पायांकडे नसतं, म्हणून कड्यावर गोठणारी माणसंही हवेत शांत असतात. याचा अर्थ भीती गेली असा घेऊ नये. उड्डाणानंतर त्याच लोकांचा पायऱ्यांवरचा आकडा फारसा बदलला नाही.

उड्डाणातली नेहमीची चूक म्हणजे पाय जमिनीवर असतानाच हार्नेसमध्ये बसणं. पायलट 'पळा' म्हणाला की तो थांबवेपर्यंत पळायचं, पाय हवेत चालू लागले तरी. उडी मारायची नाही, उडीने पंखावरचा भार क्षणभर कमी होतो. हाताने फक्त पायलटने दाखवलेली जागा धरायची, ब्रेकच्या दोऱ्या कधीच नाही. वारा मंद असेल तर जास्त पळावं लागतं, हे आधी सांगून ठेवलं की गडबड होत नाही.

पहिलं उड्डाण सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्यावं. मार्च-एप्रिलच्या दुपारी थर्मल (तापलेल्या जमिनीवरून वर जाणारे हवेचे झोत) जोरात असतात आणि प्रत्येक धक्का नवख्याला पडण्यासारखा वाटतो. गिरक्या आणि कसरती नकोत, असं पायलटला आधीच सांगावं. दीड-दोन तास आधी हलकं खावं, रिकाम्या पोटी मळमळ वाढते. वळताना नजर वळणाच्या दिशेने क्षितिजावर ठेवावी, सेल्फी स्टिकवर नाही.

आता अडलंय ते लोखंडी शिड्यांवर. जाळीच्या पायरीतून खाली आरपार दिसतं, जवळचं स्थिर टोक नजरेत राहत नाही, आणि कातळावर 3 वर आलेली मंडळी तिथे परत 8 सांगतात. पुढच्या पावसाळ्यात शिडी भिंतीला उभी लावून, वरून बिले देत, फक्त उतरण्याचा सराव ठेवलाय. नजर समोरच्या कांबीवर, कांब मोजत, दर पाचव्या कांबीला थांबून आकडा सांगायचा.