टायपिंगच्या खोलीतले सर्व्हर

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ऑफिसात आज जिथे सर्व्हरचं रॅक उभं आहे, तिथे एके काळी नानांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, चौदा टाइपरायटर होते. हिंदी आणि इंग्रजी टायपिंगच्या परीक्षांना बसणारी मुलं सकाळी सहापासून यायची. पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले आणि नाना त्याच खोलीत मुलांना फ्लॉपी विकू लागले. २००८ साली मी आणि माझे दीर, आम्ही दोघांनी तिथेच कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम सुरू केलं. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी होती आणि भावजींची सियागंज, मल्हारगंजच्या निम्म्या दुकानदारांशी ओळख. पहिली सहा वर्षं असेंबल केलेले कॉम्प्युटर, टॅलीचं नेटवर्क आणि प्रिंटर यांतच गेली.

२०१४ मध्ये सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात आम्ही तीन जुने सर्व्हर काढून एकच नवं यंत्र बसवलं आणि त्यावर केव्हीएम या सॉफ्टवेअरच्या मदतीने तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्राच्या पोटात स्वतंत्रपणे चालणारे तीन कॉम्प्युटर, चालवल्या. विजेचं बिल आणि यूपीएसचा खर्च दोन्ही उतरले. मालकांना समजावताना मी वाड्याचं उदाहरण दिलं होतं, आजही तेच देते. वाडा एक, बिऱ्हाडं तीन. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी, शेजारच्या घरात काय शिजतंय ते दिसत नाही. वाडा सांभाळणारा जो आहे त्याला हायपरवायझर म्हणतात. आणि असे बरेच वाडे एकाच ठिकाणाहून सांभाळायचे असतील, तर सगळ्या किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या कमरेला असतो तो व्हीएमवेअर कंपनीच्या व्हीसेंटरसारखा सर्व्हर.

भिंत पक्की असते, हे मी तेव्हा गृहीत धरलं होतं.

१३ मे २०१५ ला ‘व्हेनम’ नावाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली, सीव्हीई-२०१५-३४५६. सीव्हीई म्हणजे अशा प्रत्येक त्रुटीला मिळणारा नोंदणी क्रमांक. केव्हीएमच्या जोडीला यंत्राच्या भागांची नक्कल करणारं जे क्यूईएमयू चालतं, त्यातल्या फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये २००४ पासून ती बसलेली होती. कंट्रोलरला आलेली माहिती तात्पुरती ठेवायला ५१२ बाइटची जागा राखलेली असते. काही आज्ञांच्या बाबतीत त्या जागेची मर्यादा नीट तपासली जात नव्हती. एका बिऱ्हाडातून मुद्दाम जास्त माहिती ढकलत राहिलं, की ती शेजारच्या मेमरीवर सांडत जाते, आणि तिथे यंत्राने पुढे काय करायचं ते लिहिलेलं असेल तर तेच बदलता येतं. म्हणजे भाडेकरूला भिंत फोडून मालकाच्या खोलीत शिरता येतं. सी भाषेत लिहिलेल्या जुन्या कोडमध्ये ही मर्यादा भाषा तपासत नाही, लिहिणाऱ्याने तपासावी लागते.

नाना हे ऐकून म्हणाले, “अगं, पण फ्लॉपी आता कोण लावतं?” प्रश्न अगदी बरोबर होता. फ्लॉपी कोणीच लावत नव्हतं, तरी कंट्रोलरचा कोड मेमरीत जागा होता. आम्ही त्याच रात्री पॅकेज अपडेट केलं आणि घरी गेलो. दोन दिवसांनी पाहिलं तर व्हर्च्युअल मशीन अजून जुन्याच क्यूईएमयूवर चालत होत्या. आतून रीस्टार्ट देऊन भागत नाही. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली, तरच नवा कोड लागू होतो. पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारा नवा कोड, टाकणं आणि पॅच लागू होणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे आमच्या ध्यानात आलं ते तेव्हा.

एवढं समजूनही २०२० मध्ये आमच्या हातून मोठी चूक झाली. लॉकडाउन लागलं. औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याला घरून बिलं काढायची होती. औषधं थांबून चालणार नव्हतं आणि दुकानात माणसं जाऊ शकत नव्हती. त्यांचा सर्व्हर ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या हायपरवायझरवर चालायचा. घाईत आम्ही तो राउटरच्या डीएमझेडमध्ये टाकला. म्हणजे त्याची सगळी दारं थेट इंटरनेटवर उघडी. चार दिवसांची सोय म्हणून केलेलं ते काम तसंच राहिलं. आवृत्ती ६.५ होती. २३ फेब्रुवारी २०२१ ला तिच्यासाठी पॅच आला. नेटवर्कवरच्या सेवा शोधून देणाऱ्या ओपनएसएलपी या सेवेत हीप ओव्हरफ्लो, म्हणजे पुन्हा राखलेल्या जागेबाहेर मेमरीत सांडणं, सीव्हीई-२०२१-२१९७४, पोर्ट ४२७. आमच्या यादीत तो ‘सोयीने करू’ या रकान्यात पडला. ती सोय दोन वर्षं झाली नाही.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी २०२३ पासून जगभर ईएसएक्सआयआर्ग्स नावाचं खंडणीचं सॉफ्टवेअर उघड्या सर्व्हरवर शिरू लागलं. शनिवारी सकाळी त्या औषधांच्या व्यापाऱ्याकडून फोन आला, “मॅडम, बिल नहीं बन रहा।” मी लॉगिनचं पान उघडलं, तर तिथे दोन बिटकॉइनच्या आसपासची मागणी आणि तीन दिवसांची मुदत. बॅकअप घेणारी व्हर्च्युअल मशीन त्याच सर्व्हरवर होती, तीही गेली. बाहेरची डिस्क अकरा दिवस जुनी निघाली.

त्या शनिवारी मी आणि भावजी त्यांच्या पेढीवर गेलो. गादीवर वडील आणि मुलगा दोघेही बसले होते. दार आम्ही उघडं ठेवलं होतं आणि पॅच आम्ही लावला नव्हता, हे आम्ही पहिल्याच वाक्यात सांगितलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. ते घाबरले होते, बाजारात नाव जाईल म्हणत होते. मी तिथेच बसून त्यांच्यासमोर ईमेल लिहिला. वडील बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “पैसे नहीं देंगे। आप लोग निकाल सको तो निकालो।”

निघालं. पहिल्या लाटेत त्या सॉफ्टवेअरने लहान फाइली पूर्ण कुलूपबंद केल्या होत्या, पण प्रत्यक्ष डेटा ज्या ‘फ्लॅट’ फाइलीत असतो ती बऱ्याच ठिकाणी शाबूत राहिली होती. व्हीएमडीके नावाची छोटी फाइल म्हणजे काही ओळींचा मजकूर, मूळ फाइल कुठे आणि किती मोठी ते सांगणारा. तो मजकूर नव्याने तयार केला की डिस्क पुन्हा ओळखली जाते. ७ फेब्रुवारीला अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेने त्यासाठीची स्क्रिप्टही जाहीर केली. तोवर आमच्या ऑफिसातला सगळ्यात धाकटा मुलगा हाताने पहिली डिस्क उघडून बसला होता. दुसऱ्या लाटेत हीच वाट बंद झाली. ज्यांच्यावर हल्ला पाच दिवस उशिरा झाला, त्यांच्या मोठ्या फाइलीही बऱ्याच जास्त प्रमाणात कुलूपबंद झाल्या. आमचं ज्ञान कामी आलं असं मी म्हणणार नाही. आम्ही पहिल्या लाटेत सापडलो, म्हणून वाचलो.

त्या आठवड्याचे पैसे आम्ही घेतले नाहीत. ती पेढी आजही आमच्याकडे आहे. एका शाळेने मात्र ही हकिगत कळल्यावर करार थांबवला, आणि मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो.

मार्चमध्ये आम्ही सगळी कामं नव्याने मांडली. नानांचं टायपिंगच्या मुलांचं हजेरीचं रजिस्टर होतं, तसंच एक नवं आणलं. प्रत्येक होस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीन ज्यावर चालतात त्या खऱ्या यंत्राला, आणि प्रत्येक व्हीसेंटरला एक पान. आवृत्ती, शेवटचा पॅच, तो प्रत्यक्ष लागू झाल्याचं कोणी पाहिलं त्याची सही. व्यवस्थापनाचं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे बाकीच्यांपासून तोडलेल्या भागात, आत जायला व्हीपीएनचा सुरक्षित मार्ग आणि त्यामागे एकच ठरावीक मशीन. एसएलपी सेवा सगळीकडे बंद. आठवड्याला एक डिस्क ग्राहकाच्या इमारतीबाहेर, आणि दर तिमाहीला तिच्यातली एक व्हर्च्युअल मशीन आमच्या रॅकवर चालू करून दाखवायची. शेवटचं काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, मला सर्वांत मोलाचं वाटतं. न उघडलेल्या बॅकअपवर मी आता विश्वास ठेवत नाही.

याची कसोटी लागली ती १७ सप्टेंबर २०२४ ला. अनंत चतुर्दशी होती. इंदुरात त्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघतात. गिरण्या केव्हाच बंद पडल्या, तरी कामगारांनी ही प्रथा सोडली नाही, आणि आमचं अर्धं ऑफिस सहकुटुंब रस्त्यावर होतं. तेव्हाच व्हीसेंटरची सूचना आली. सीव्हीई-२०२४-३८८१२, तीव्रता १० पैकी ९.८. डीसीईआरपीसी या संवादपद्धतीच्या अंमलबजावणीत हीप ओव्हरफ्लो. नेटवर्कवरून एक खास घडवलेला पॅकेट पाठवायचा, ना पासवर्ड लागतो ना कोणाला काही क्लिक करावं लागतं. आणि पॅच सोडून दुसरा उपाय दिलेलाच नव्हता.

झाँक्या पहाटेपर्यंत चालतात. आम्ही चौघे मध्यरात्रीच ऑफिसात परतलो. आमच्याकडे सात व्हीसेंटर होते. आधी प्रत्येकाचा फाइल बॅकअप, मग स्नॅपशॉट (बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून त्या क्षणाची नोंद), मग पॅच. एक गोष्ट ग्राहकांना सांगायला हवी होती आणि आम्ही ती नेहमीच उशिरा सांगतो. व्हीसेंटर तासभर बंद राहिला तरी त्याच्याखालच्या व्हर्च्युअल मशीन चालूच राहतात. जुडगा सांभाळणारा झोपला म्हणून बिऱ्हाडं बंद पडत नाहीत. हे समजल्यावर कोणीही रविवारची वाट पाहायला सांगितलं नाही. गुरुवारी दुपारी रजिस्टरमध्ये सातवी सही झाली.

२१ ऑक्टोबरला कळलं की तो पॅच पुरेसा नव्हता. त्याच त्रुटीसाठी नवी आवृत्ती काढण्यात आली होती. दिवाळी दहा दिवसांवर, व्यापाऱ्यांची खाती बंद करण्याची गडबड. भावजी वैतागले, “आत्ताच तर केलं होतं.” मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. सात पानांवर ‘७.० यू३एस’ किंवा ‘८.० यू३बी’ असं आवृत्तीचं नाव लिहिलेलं होतं, म्हणून नेमकं काय बदलायचं ते शोधण्यात वेळ गेला नाही. ‘७.० यू३टी’ आणि ‘८.० यू३डी’ धनत्रयोदशीच्या आत लागले. १८ नोव्हेंबरला कंपनीने सांगितलं की या त्रुटीचा वापर करून प्रत्यक्ष हल्ले होत आहेत. तो मजकूर मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवला. धाकटा मुलगा फक्त “बरं झालं” म्हणाला आणि चहा ठेवायला उठला.

४ मार्च २०२५ ला खुद्द ईएसएक्सआयच्या तीन त्रुटी आल्या. त्यातली सीव्हीई-२०२५-२२२२४ पुन्हा तीच जात. व्हर्च्युअल मशीनमध्ये ज्याच्याकडे प्रशासकाचे अधिकार आहेत, त्याला आखलेल्या मेमरीच्या बाहेर लिहून होस्टमध्ये शिरता येतं. सूचना आली तेव्हा हल्ले सुरूही झाले होते. इथे मात्र होस्ट रीस्टार्ट करावाच लागतो. एका छोट्या रुग्णालयाकडे एकच होस्ट आहे. त्यांनी रंगपंचमीपर्यंत थांबा म्हटलं, त्या दिवशी गेरमुळे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीमुळे, शहर बंद असतं. रंगपंचमी पंधरा दिवसांवर होती. मी आणि भावजी तिथल्या मॅट्रन काकूंशी बोललो. त्यांनी रात्री दोनची वेळ दिली, प्रत्येक वॉर्डात कागदी फॉर्म ठेवले आणि स्वतः ड्यूटीवर थांबल्या. पंचेचाळीस मिनिटांत पॅथॉलॉजीचा प्रिंटर पुन्हा चालू झाला.

ईएसएक्सआय ७ ला कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या पाच ग्राहकांकडे तीच आवृत्ती होती. तिघांचं स्थलांतर झालंय, दोघांचं या महिन्यात आहे, आणि त्यांची पानं रजिस्टरमध्ये लाल चिठ्ठी लावून सगळ्यांत वर ठेवली आहेत.