फ्लॉरेन्स की चिंक्वे तेर्रे? आधी पायऱ्या मोजा

"फ्लॉरेन्समध्ये चालून पाय दुखतील, मग समुद्रकाठी दोन दिवस आराम करा," असं जो तो सांगत होता. आमचं नेमकं उलटं झालं.

चिंक्वे तेर्रे म्हणजे इटलीच्या समुद्रकाठची पाच गावं: मोंतेरोसो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रियोमाज्जोरे. फोटोत सगळी पाण्याला टेकलेली वाटतात. कोर्निल्या मात्र समुद्रापासून जवळजवळ 100 मीटर उंच कड्यावर आहे, आणि स्वस्त पडली म्हणून आमची खोली तिथेच. स्टेशन खाली, गाव वर, मध्ये लार्दारिना नावाचा जिना: 33 टप्पे, 380च्या आसपास पायऱ्या. घरमालकाने कळवलं होतं ते एवढंच: "स्टेशनपासून दहा मिनिटं." पायऱ्यांचं अवाक्षर नाही.

दुपारचा दीड, आईचा दुखरा गुडघा, दोन मोठ्या बॅगा. गावात जाणारी छोटी बस नुकतीच सुटली होती. आईला पुढच्या बससाठी सावलीत बसवलं आणि एकेक बॅग वर नेली. वीस पायऱ्या, थांबा, हात बदला. आठव्या टप्प्यावर विटेच्या कडेला आपटून एका बॅगेचं चाक गेलं. बोटांवर मुठीचे वळ संध्याकाळपर्यंत होते. सिंहगड चढणाऱ्यालाही सांगतो, सामान घेऊन हा जिना चढू नका.

रात्री वेर्नात्साला जेवलो. माशापुढे 8 युरो लिहिलं होतं, म्हणून खुशाल मागवला. बिल आलं तेव्हा कळलं, तो भाव 'एत्तो'चा, म्हणजे 100 ग्रॅमचा. मासा 700 ग्रॅमचा. 56 युरो! वर माणशी 3 युरो 'कोपेर्तो', नुसतं टेबलावर बसल्याचे. मासा मागवण्याआधी वजन करून पूर्ण किंमत विचारा, संकोच करू नका.

फ्लॉरेन्समध्ये असलं काही झालं नाही. तिथल्या कॅथेड्रलच्या, ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटाला 463 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, पण ते आधी माहीत असतं, वेळ ठरवून तिकीट काढलेलं असतं, आणि सामान हॉटेलात असतं. उफ्फिझी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद, एवढं सांभाळा.

माझं मत स्पष्ट आहे. चारच दिवस असतील किंवा सोबत वयस्कर माणूस असेल, तर मुक्काम फ्लॉरेन्सलाच. गावं बघायचीच असतील तर एक रात्र जवळच्या ला स्पेत्सिया शहरात काढा. तिथून रियोमाज्जोरे रेल्वेने दहा मिनिटांच्या आत येतं.

पाय धड असतील तर सकाळी लवकर वेर्नात्सा ते मोंतेरोसो पायवाट चाला. साडेतीन किलोमीटर, दोन तास. डोंगरउतारावर चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांवर द्राक्षमळे, खाली निळं पाणी. आदल्या दिवशीचा सगळा राग तिथे निवला. चांगले बूट घाला. चपला घालून पायवाटेवर गेल्यास दंड होतो. पावसाचा इशारा असला की वाट बंद ठेवतात.

आणि कोर्निल्यालाच राहायचं ठरलं, तर आधी बसची वेळ बघा, मग त्याप्रमाणे रेल्वेगाडी पकडा. आम्ही परतताना तसंच केलं, आई आणि तुटक्या चाकाची बॅग दोघी बसनेच खाली आल्या.