शेरू आणि नरनाळ्याचा पायथा

आज शेरूला घेऊन शहानूरकडच्या धुऱ्यांवरून भटकलो. समोर नरनाळ्याचा डोंगर, पण तिकडे वळलो नाही. तिथल्या अभयारण्यात कुत्रं नेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार वाघ-बिबट्यांनाही होतो. 2018 मध्ये गीरचे काही सिंह त्याच विषाणूने दगावले. (शेरूची लस झालीय, तरी नियम तो नियम.)

नाल्याकाठी पठ्ठ्या बसूनच राहिला. पंजाच्या बोटांमध्ये कुसळं रुतलेली, कानामागे टपोरी गोचीड. चिमट्याने काढेपर्यंत माझं मनगट चाटत होता. कापूस वेचणारी काकू ओरडली, "दोरी सोडू नको बापू, बिबट्याले कुत्रं लय आवडते!"

दोरी हाताला गुंडाळली अन् उजेडातच घरी आलो. गोचिडीचं औषध संपलंय, उद्या अकोटला जाणं आलं.