शंकरपाळ्यात 8 म्हणजे 1978
शुक्रवारी पहाटे चोर बाजारात गेलेलो, तिथे जुन्या पान्यांच्या ढिगात एक काळपट क्रँक (पेडल ज्या दांड्याला बसतं तो) दिसला आणि उचलल्या उचलल्या कळलं की हा आपल्या काळ्या सायकलीचा कॉटर पिनवाला (खिळीने अडकवलेला) लोखंडी क्रँक नाही, हाताला एकदम हलका! घरी आणून रॉकेलमध्ये बुडवला, जुन्या टूथब्रशने घासला तर पुढे कॅम्पान्योलो, म्हणजे इटालियन कंपनीचं नाव, आणि मागे शंकरपाळ्यासारख्या चौकटीत 8, म्हणजे 1978 चा. इतका आनंद झाला की काय सांगू.

नाव पुसलं असेल तर चेनरिंगचे (क्रँकवरच्या दातेरी चक्राचे) पाच बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास मोजा. कॅम्पान्योलोचं नुओवो रेकॉर्ड मॉडेल 144 मिमी, त्याआधीचं रेकॉर्ड 151. पण जपानी सुगिनो कंपनीचा मायटीपण 144 चाच, सो घासून नाव शोधाच. 144 वर 41 दातांपेक्षा लहान चेनरिंग बसत नाही, म्हणून मलबार हिलच्या चढासाठी मी मागच्या चाकाला मोठा फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र) लावलाय.

काढताना घाई नको. कॅम्पान्योलोला 22 मिमीचा पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार), फ्रेंच कंपन्यांपैकी टीएला 23, जुन्या स्ट्राँगलाइटला 23.35, चुकीचा फिरवला की आटे गेले. माझा पहिला स्ट्राँगलाइट असाच गेला, अजून हळहळ वाटते.

आणि चालवायच्या आधी, क्रँकचा दांडा आणि चेनरिंगचे हात जिथे मिळतात तो कोपरा भिंगाने बघा, केसासारखी चीर तिथेच पडते. चीर दिसली तर कपाटात ठेवा, प्लीज चालवू नका. माझा साफ निघाला, रविवारी मरीन ड्राइव्हला फिरवून आणला आणि आल्यावर दोन्ही बोल्ट परत आवळले.