यात भुरी आलीय का?

गॅसवाल्या पोरानं सिलिंडर दारात टेकवला, घाम पुसला आणि भिंतीशी वाळत ठेवलेल्या कॅनव्हासकडे मान तिरकी करून बघत राहिला. जानेवारीतली दुपार. गंगापूर रोडवरची आमची सोसायटी जेवून आडवी झालेली. मला वाटलं, आता 'हे काय काढलंय?' हा नेहमीचा प्रश्न येणार. तर म्हणतो कसा, "काकू, याच्यावर भुरी आलीय का?"

पोरगा निफाडकडचा, घरची द्राक्षबाग. भुरी म्हणजे द्राक्षांवर पडणारा बुरशीचा रोग. करड्या हिरव्यावर मी कोरड्या फडक्यानं पांढरा घासला होता. का, ते मला विचारू नका, हात तिकडे गेला. त्याला मात्र काडीची शंका नव्हती. "आधी पानावर अशीच पूड दिसते, मग घडावर उतरते. गंधक मारा." एवढं सांगून तो रिकामा सिलिंडर खांद्यावर टाकून गेला. मी सिंकमधली भांडी तशीच ठेवली आणि पुन्हा रंग काढून बसले.

मनात काही न ठरवता रंगवणाऱ्या माणसाला मधूनमधून आपण खुळ्यासारखं काहीतरी करतोय असं वाटतंच. रामकुंड रंगवणाऱ्याचं बरं असतं. कळस वाकडा झाला तर दिसतो, सरळ आला तर लोक 'हुबेहूब' म्हणतात आणि तो निवांत झोपतो. माझ्याकडे ताडून बघायला काहीच नाही. चित्र झालं की नाही हे मीच ठरवायचं, आणि माझ्यावर माझा फारसा भरवसा नाही. अशात कुणीतरी येतं, मी न घातलेलं काहीतरी त्यात बघून जातं आणि हाताला धीर येतो. कौतुकानं नाही येत हं. 'छान' तर मला नकोच. छान लोक भरल्या वांग्यांनाही म्हणतात, आणि वांगी खरंच छान झालेली असतात.

ही खोड बहुधा आजीनं लावली. आमचा वाडा भांडी बाजाराच्या मागे. १९६९ च्या पुरात गोदावरी माजघरात शिरली, आणि पाणी ओसरलं तरी भिंतीतली ओल काही गेली नाही. उन्हाळ्याच्या दुपारी गार म्हणून आम्ही सगळे तिथेच सतरंजीवर लोळायचो. बाहेर तांबटांची ठोकठोक चाललेली. आजी पंख्याच्या दांडीनं डाग दाखवायची, "तो बघ, उंटावर बसलेला गोसावी." मला गोसावी कधीच दिसला नाही. मला शिवणयंत्रावर बसलेली बाई दिसायची. भाऊ म्हणायचा, कोकणचा नकाशा आहे. आजी कुणाचंच खोडायची नाही. फक्त विचारायची, "बाई आहे ना, मग तिचे पाय कुठेयत?" आणि मी अख्खी दुपार पाय शोधायची. दिवाळीला वडील चुना मारायचे की गोसावी, बाई, कोकण, सगळे एकदम गायब. पुढच्या पावसाळ्यात ओल परत यायची, पण वेगळीच मंडळी घेऊन. डागाळलेल्या भिंती बघा, त्यात डोंगर, नद्या, लढाया दिसतील, असं लिओनार्दोनं चित्रकारांसाठी लिहून ठेवलंय, हे फार पुढे वाचलं. आजीपुढे तो जरा फिकाच वाटला.

कुसुमाग्रज स्मारकात आम्हा हौशी मंडळींचं प्रदर्शन होतं. माझ्या एका पिवळ्या चित्रापुढे कॉलेजातला एक मुलगा थांबला आणि मित्राला म्हणाला, "रहाडीत धप्पा मारल्यावर पाण्याखाली डोळे उघडले ना, तर हे असं दिसतं." रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी उघडतात, त्या रंगाच्या हौदात मी जन्मात उडी मारलेली नाही. तरी घरी येऊन पिवळ्याची अख्खी ट्यूब पिळली.

अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचे. रोलरनं आणि नाइफनं थर चढवायचे, खरवडायचे, आणि बाकीचा वेळ नुसतं बघत बसायचे. त्यांना ते शोभतं. मला गॅसवाला लागतो.

यात धोकाही आहे. भुरी ऐकली की पुढच्या कॅनव्हासवर हात आपणहून पांढऱ्याकडे वळतो, 'आता घडावर उतरव' म्हणतो. मग तो कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवायचा आणि सगळं विसरेपर्यंत मेथी निवडत बसायचं.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मातीसचं होडीचं चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. माणसांची रीघ समोरून गेली. चूक पकडली ती बघायला आलेल्या एका बाईनं, संग्रहालयातल्या कुणी नाही. ही गोष्ट मी येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या चवीनं सांगायची.

इंदिरानगरच्या एका ओळखीच्या बाईंनी माझं एक निळं चित्र घेतलं, सोफ्याच्या रंगाला जातं म्हणून. मला सोफ्याचं कारणही चालतं. परवा त्यांच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले, तर चित्र उलटं! सांगावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "खाली हे पाणी आणि वर झाडं. संध्याकाळी इथे बसलं की बरं वाटतं हो." सुलट असताना त्यात पाणी नव्हतं. मी वाण घेतलं, तिळगूळ तोंडात टाकला. सही आता वरच्या डाव्या कोपऱ्यात उलटी लटकतेय. सुलट होती तेव्हा तरी कुठे कुणाला वाचता येत होती!